साडेआठशे वॅटचा हट्ट

गेमिंगचा कॉम्प्युटर जमवायला घेतला की घरात पहिली चर्चा ग्राफिक्स कार्डाची होते आणि शेवटची एसएमपीएसची. तोवर उत्साह आणि पैसे दोन्ही संपत आलेले असतात. मग दोनपैकी एक होतं. एक तर "कॅबिनेटसोबत आला तोच राहू दे" म्हणून विषय मिटतो, नाहीतर "मोठ्यातला मोठा घे, नंतर कटकट नको" म्हणून मिटतो. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं की आपल्या वऱ्हाडात तरी 'किती वॅटचा' हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. 'किती अंशांना तेवढे वॅट देतो' हा पहिला. आणि त्याच्याही आधी, भिंतीतल्या तिसऱ्या पिनेच्या मागे खरंच काही आहे का, हा.

(नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना कॉम्प्युटरात रस नाही त्यांनी मधले हिशोब गाळून पुढे जावं. घरमालकाचा किस्सा खाली आहे. :) )

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या कोपऱ्यातला पंखा असलेला लोखंडी डबा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करतो आणि आतल्या सगळ्यांना वाढतो. पंगतीतला वाढपीच म्हणा ना. एका वेळी जास्तीत जास्त किती पानं सांभाळू शकतो, ते त्याचे वॅट. पंगतीला वीसच माणसं असतील तर शंभर पानांचा वाढपीही वीसच पानं वाढतो. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या मोठ्या भावाचा फोन. "साडेआठशेचा घेतला तं बिल नाई का येनार बे लय?" नाही येणार. आतल्या पार्टांना २२० वॅट लागत असतील तर डबा ५५०चा असो की ८५०चा, भिंतीतून अडीचशेच्या आसपासच ओढणार. रोज चार तास खेळलं तर एक युनिट. महिन्याचे तीस युनिट. बिलाची भीती दादाने सोडून द्यावी, असं मी त्याला सांगितलं. काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टीची कर म्हटलं.

तर प्रकरण असं. दादाचा मुलगा अकोल्याला शिकतो, जठारपेठेकडे खोली करून राहतो. घर दर्यापूर तालुक्यात, म्हणजे अमरावती आणि अकोल्याच्या बरोबर मध्ये. दोन-तीन वर्षांपासून त्याचं कॉम्प्युटरचं चाललं होतं, शेवटी यंदा दादा तयार झाला. याद्या माझ्याकडे आल्या, कारण आमच्या घरात मल्टीमीटर फक्त माझ्याकडे आहे आणि तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलोय. यादी चांगली होती. पोराने अभ्यास केला होता. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० कार्ड, सोळा जीबी रॅम, एक एसएसडी. आणि खाली: एसएमपीएस ८५० वॅट, गोल्ड.

मी फोन केला. "अरे, साडेआठशे कायले?"

"काका, तुमाले मालूम नाई. सगळे तेच सांगतात. फ्युचर प्रूफ पाह्यजे."

हे 'सगळे' म्हणजे यूट्यूबवरचे. ते चुकीचं सांगतात असं नाही. पण ते कोणाला सांगताहेत? ज्याच्याकडे आरटीएक्स ५०९० आहे त्याला. त्या एका कार्डाला ५७५ वॅट लागतात आणि एनव्हिडियाच म्हणते की हजार वॅटचा सप्लाय लावा. तिथे साडेआठशेही तोकडा. पण त्या कार्डाच्या किमतीत आमच्या गावात चांगलं सेकंडहँड ट्रॅक्टर बघता येईल. पुतण्याच्या कार्डाचा हिशोब अगदी वेगळा आहे.

तो हिशोब करायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट. १२४००एफ नावाला ६५ वॅटचा आहे, पण पूर्ण जोर लावला की इंटेलच्याच आकड्यानुसार ११७ पर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे सगळे मिळून पन्नास धरा. झाले ३१२. हे सुद्धा सगळे एकाच क्षणी जीव तोडून धावले तर. गेम खेळताना प्रोसेसर क्वचितच पूर्ण धावतो, त्यामुळे प्रत्यक्षात २०० ते २३०. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते, आणि तो आकडाही सढळ हाताने दिलेला आहे, कारण त्यांना माहीत नसतं की गिऱ्हाइकाच्या घरी कसला डबा आहे आणि सोबत कोणता प्रोसेसर.

आता 'फ्युचर'. समजा तीन-चार वर्षांनी याला वरचं कार्ड घ्यावंसं वाटलं. आजचं आरटीएक्स ५०७० घ्या, २५० वॅट, शिफारस ६५०ची. म्हणजे भविष्यकाळ धरूनही ६५०वर गाडी थांबते. त्याच्या पुढचं भविष्य हे भविष्य नसून स्वप्न आहे. स्वप्नाला माझी ना नाही, पण त्याचं भाडं आत्तापासून का भरायचं?

भाडं म्हणजे किती? बऱ्यापैकी नावाचा ५५०चा ब्रॉन्झ डबा चार-साडेचार हजारांत येतो. ८५०चा गोल्ड नऊ-साडेनऊ हजारांच्या घरात. फरक पाच हजार. शहरातल्या मित्रांना हा आकडा किरकोळ वाटेल. आमच्याकडे तो क्विंटलमध्ये मोजला जातो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, आणि बाजार समितीत भाव त्याच्या बराच खाली चालू होता. म्हणजे कागदावर एक क्विंटल आणि प्रत्यक्षात एकाहून जास्त क्विंटल सोयाबीन, न वापरल्या जाणाऱ्या तीनशे वॅटपायी. पेरणी, फवारणी, सोंगणी, मळणी हे सगळं करून आलेलं सोयाबीन. दादा हे बोलला नाही. तो बोलणारही नाही. पोराचं मन मोडू नये म्हणून साडेआठशेच काय, हजाराचाही देईल. म्हणून हा मुद्दा मला मांडावासा वाटला.

"पण काका, गोल्डनं लाइट वाचते ना!" हे पुढचं. हेही मोजून पाहू. २२० वॅटचं काम, गोल्डची कार्यक्षमता नव्वद टक्के धरू, ब्रॉन्झची शहाऐंशी. भिंतीतून एक २४४ ओढतो, दुसरा २५६. बारा वॅटचा फरक. रोज चार तास, महिन्याला दीड युनिटसुद्धा नाही. दहा रुपये युनिट धरा, महिन्याला चौदा-पंधरा रुपये. पाच हजार वसूल व्हायला एकोणतीस वर्षं! तोवर पुतण्याच्या पोरांची लग्नं निघतील.

असो. इथपर्यंतचं सगळं पुण्यात बसलेल्या माणसालाही लागू आहे. आता आपल्या गावाकडचं.

ही कार्यक्षमतेची '८० प्लस' नावाची पाटी, तिच्यातच ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे वर्ग. २००४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम. डब्याने वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर निदान ऐंशी टक्के कार्यक्षमता दाखवायची, अशी मूळ अट. छान कल्पना आहे, तिच्यामुळे बाजार पुष्कळ सुधारला. फक्त ती चाचणी कोणत्या हवेत होते? २३ अंश सेल्सिअसच्या आसपास. तेवीस! अकोल्यात तेवीस अंश म्हणजे थंडीतली सुखाची सकाळ. मे महिन्यात इथे रात्रीचंही तापमान तीसच्या आसपास रेंगाळतं. मे २०२४ मध्ये तर उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांनी अकोल्यात कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय करा, खाजगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या नंतर घ्या, असे आदेश होते. बाहेरच्या लोकांना तेव्हा गंमत वाटली. आपल्याला नाही वाटली.

आता विचार करा. बाहेर पंचेचाळीस, पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत चाळीस, बंद कॅबिनेटमध्ये कार्डाची गरम हवा कोंडून पंचेचाळीस ते पन्नास. एसएमपीएस श्वास घेतो तो या हवेत. आणि डब्यावरचा आकडा कितीही ठळक असला तरी तो कुठल्या तरी ठरावीक तापमानाला खरा असतो. चांगले उत्पादक स्पष्ट लिहितात, की हे वॅट चाळीस अंशांना अखंड मिळतील, किंवा पन्नास अंशांना. स्वस्तातल्या डब्यांवर एक तर काहीच लिहिलेलं नसतं, नाहीतर बारीक अक्षरांत पंचवीस. पंचवीस अंशांना ५५० देणारा डबा पन्नासला किती देईल? तेवढे तर नक्कीच नाही. आत बसलेल्या कॅपॅसिटरांचं आयुष्यही तापमानावर असतं. ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. म्हणून ८५ अंशांचे कॅपॅसिटर वापरलेत की १०५चे, हे विचारायचं. मुंबईतल्या एसी खोलीतला तो डबा दहा वर्षं जगेल, तोच आपल्याकडे चार उन्हाळ्यांत म्हातारा होईल.

म्हणून मी म्हणतो, जेवढे वॅट लागतात त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट घ्या. ३१२ लागतात ना, मग साडेपाचशे. यातली जास्तीची जागा उन्हाळ्यासाठी आहे. पण ते साडेपाचशे पन्नास अंशांना, निदान चाळीसला दिलेले हवेत. असा प्रामाणिक ५५० हा पंचवीस अंशांवरच्या ७५०पेक्षा अकोल्यात जास्त कामाचा. दुकानात जाऊन "किती वॅटचा आहे?" विचारलं की लगेच उत्तर मिळतं. "किती डिग्रीला आहे?" विचारून बघा. मी विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी भाजीवाल्याला वांग्याची जन्मतारीख विचारली. नंतर मात्र त्याने खोका उघडून स्वतःही लेबल वाचलं, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

लेबल वाचायची सवय आपल्याकडे नाही, त्याला जुनं कारण आहे. आमच्या काळात, म्हणजे पेंटियम ४ आणि 'व्हाइस सिटी'च्या काळात, एसएमपीएस वेगळा विकत घेतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तो कॅबिनेटसोबत यायचा, मिठाईसोबत पुठ्ठ्याचा डबा येतो तसा. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असायचं. असा एक डबा माझ्याकडे अजून माळ्यावर आहे. त्याच्या लेबलातल्या १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलंय. बारा चोक किती? एकशे अडुसष्ट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे कामाचे वॅट १६८, आणि बाकीचे खोक्यावर! आजच्या बऱ्या ५५०च्या लेबलावर त्याच रकान्यात ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॅट. अख्ख्या लेबलातली ही एक ओळ वाचली तरी पुष्कळ झालं. त्या जुन्या डब्यांना मागे एक लाल खटका असायचा, ११५ आणि २३० लिहिलेला. सुट्टीत आलेल्या कुठल्या तरी मावसभावाने तो ११५वर ढकलायचा आणि मग फट्ट... ज्यांच्या घरी हे झालंय ते हसले असतील आत्ता.

ते लोडशेडिंगचेही दिवस. २००५ पासून पुढची सहा-सात वर्षं वऱ्हाडाने वेळापत्रक बघून दळण दळलं. पारसचं औष्णिक केंद्र अकोला जिल्ह्यात, आणि अंधार आमच्याकडे. आता पारसला अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, अमरावतीजवळ नांदगाव पेठेला १३५० मेगावॅटचा प्रकल्प झाला, वेळापत्रकं गेली. पण लाइन गुळगुळीत झाली असं कोणी म्हणू नये. आमच्या गावी हंगामात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की मीटरवर १७५ व्होल्ट मी स्वतः पाहिलेत. आणि वारावादळात लाइट क्षणभर झपकन जाऊन येते ती वेगळीच.

या दोन्हींचा वॅटशी संबंध आहे, म्हणून सांगतो. ३०० वॅटच्या कामासाठी डबा भिंतीतून साडेतीनशे घेतो. २३० व्होल्टला तो दीड अँपिअर करंट ओढतो, १७५ला दोन. काम तेवढंच, पण करंट वाढला, आतली उष्णता वाढली. जिथे दाब नेहमी कमी असतो तिथे '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेला डबाच घ्यावा. '२०० ते २४०' लिहिलेला असेल तर १७५ला त्याच्याकडून अपेक्षाच करू नये.

आणि झपकन जाणारी लाइट. एसएमपीएसच्या आत एक मोठा कॅपॅसिटर असतो, लाइट गेल्यावरही तो थोडा वेळ दम धरतो. पूर्ण भार असताना साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद. भार निम्मा असेल तर जवळपास दुप्पट. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला 'यूपीएस' खटक्यावर दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, साध्या खटक्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे थोडा जास्तीचा डबा असेल तर लाइट गेली तरी गेम चालू राहतो, तंतोतंत असेल तर बंद पडतो. मोठ्या वॅटच्या बाजूने मला पटलेला हा एकच मुद्दा. यूट्यूबवर तो मी ऐकला नाही, बहुधा तिकडे लाइट जात नसावी.

न्याय करायचा तर अजून एक मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे. नवी कार्डं क्षणभरासाठी, म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात, आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी मारतात. २०२०-२१ मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ने चांगले-चांगले डबे असेच बंद पाडले होते. त्यातून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यातल्या मोठ्या कार्डांच्या डब्यांनी शंभर मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसला पाहिजे असं ठरलं. तर डबा घेताना त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असेल तर उत्तम. पण १४५ वॅटच्या कार्डाची उसळी ती केवढी! ५५०च्या बऱ्या डब्याला तिचं काही वाटायला नको.

मोठा आकडा म्हणजे सुरक्षितता, हा समज मात्र गिगाबाइटच्या प्रकरणानंतर तरी जायला हवा होता. जीपी-पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे त्यांचे डबे. साडेसातशे आणि साडेआठशे वॅट, गोल्डची पाटी, नावाजलेली कंपनी. परीक्षकांनी भार वाढवत नेला तेव्हा त्यातले काही आवाज करून फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने निवेदन काढलं. भार कितीला गेला की डब्याने स्वतःहून बंद व्हायचं, ती मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती, ती ११० ते १२० वर आणली आणि ठरावीक क्रमांकांचे डबे बदलून देऊ केले. म्हणजे संकटात वेळेवर बंद पडणं हेही डब्याचं काम आहे. ते वॅटमध्ये दिसत नाही, गोल्डमध्येही दिसत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची कोणीतरी खोलून केलेली परीक्षा वाचावी लागते. अर्धा तास जातो. साडेचार हजारांच्या वस्तूसाठी आणि तिच्या भरवशावर बसलेल्या साठ-सत्तर हजारांसाठी अर्धा तास द्यायला हरकत नसावी.

आता तिसरी पिन.

मी मल्टीमीटर घेऊन अकोल्याला गेलो. (अमरावती-अकोला हा रस्ता म्हणजे तोच, जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात गेलेला. त्याआधीची कित्येक वर्षं ज्यांनी त्या रस्त्याने प्रवास केलाय त्यांना या विक्रमाचा जास्त आनंद झाला असेल.) पुतण्याच्या खोलीत सॉकेट तीन पिनांचं, नवं कोरं. त्याचा आधीचा मित्राकडून आणलेला कॉम्प्युटर तिथेच होता. कॅबिनेटच्या कडेला हात लावला की झिणझिण्या. पोरगं म्हणे, "ते होतेच काका, चप्पल घालून बसतो मी."

ते होतेच नाही. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी असते, तिच्यात दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर लाइनचा कचरा त्यातून जमिनीत जातो. अर्थच नसेल तर ते दोघं मिळून कॅबिनेटचं लोखंड अध्येमध्ये टांगून ठेवतात, एकशे दहा-पंधरा व्होल्टच्या आसपास. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. पण आत एखादी खरी फेज लोखंडाला टेकली तर ती जाणार कुठून? ज्याने हात लावला त्याच्यातून. यात एसएमपीएसचा दोष काहीच नाही. साडेआठशेचा गोल्ड लावा, झिणझिण्या तशाच येणार.

मीटर लावलं. फेज-न्यूट्रल व्यवस्थित, फेज-अर्थ काहीच्या काही, दर वेळी वेगळा आकडा. म्हणजे तिसरी पिन हवेत. मालक वर आले, भले गृहस्थ, चहाही पाठवला. म्हणाले, "अर्थिंग हाये ना बाप्पा. नळाले बांधेल हाये." खरंच बांधलेली होती. वीस वर्षांपूर्वी, लोखंडी नळाला. मधल्या काळात नळ प्लॅस्टिकचा झाला, तार तशीच राहिली! आता ती तार प्लॅस्टिकला बिलगून बसलेली आहे, एखाद्या जुन्या मैत्रीसारखी.

"पण आजपर्यंत कोनालेच काई झालं नाई," मालक.

हे वाक्य मला फार जुनं ओळखीचं आहे. आपल्याकडे अर्ध्या गोष्टी याच वाक्यावर उभ्या आहेत. मी वाद घातला नाही. वायरमन बोलावू, खड्डा करू, खर्च मी देतो म्हटलं. मालक म्हणाले, निम्मा मी देतो. काळ्या मातीत अर्थिंगची एक गंमत असते. पावसाळ्यात ती इतकी ओली की उत्तम वाहते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून पाइपालाच सोडून देते. म्हणून खड्ड्यात कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी. दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात जमिनीतच मीठ, तिथे अर्थ चांगली धरते, पण पाइप गंजून जातो. कुठेच सुख नाही. :)

खड्डा झाला, तार नवी ओढली. न्यूट्रल आणि अर्थमध्ये आता दीड व्होल्ट दिसतं. झिणझिण्या गेल्या.

एवढं झाल्यावर पुतण्याने स्वतःच यादी बदलली. ५५० वॅट, ब्रॉन्झ, पन्नास अंशांचा, एटीएक्स ३.१. उरलेल्या पाच हजारांत थोडी भर घालून हजार व्हीएचा यूपीएस. सहाशे व्हीएचा बहुतेक वेळा ३६० वॅटच देतो, आणि ह्याचं भिंतीतलं जास्तीत जास्त ओढणं नेमकं तेवढ्यावर जातं, म्हणून हजाराचा. अर्थिंगचा माझा निम्मा वाटा मी वेगळाच दिला, ते दादाला सांगितलेलं नाही. (दादा हा ब्लॉग वाचतो. वहिनी तर नक्कीच वाचतात. चालायचंच.)

एक भांडण शिल्लक आहे. कूलर. त्याचं टेबल कूलरच्या बरोबर तोंडाशी आहे आणि टाकीत बोअरचं पाणी. ताट्यांवर पांढरे थर चढलेले दिसतात, तोच ओलसर वारा कॅबिनेट ओढून घेणार आणि धुळीचा लगदा करून एसएमपीएसच्या पाती-पातीवर बसवणार. मी म्हटलं, टेबल बाजूच्या भिंतीला घे, वारा तुला लागू दे, कॉम्प्युटरला नको.

"मंग मले खिडकीतून काई दिसनार नाई, काका."

मार्चपर्यंत वेळ आहे त्याला.